जिन्यातला दिवा, पंपाचा स्टार्टर आणि संगणक

एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नववीत. पुस्तकात तिने दोन वाक्यं वाचली : ‘संगणकाला फक्त ० आणि १ कळतात’ आणि ‘संगणकाचा जनक चार्ल्स बॅबेज’. तिने वडिलांना विचारलं, ज्याला दोनच आकडे येतात तो बेरीज कशी करतो? आणि बॅबेजच्या वेळी वीज तरी होती का? वडील लिहितात, मी वाणिज्य शाखेचा, मला काही सांगता येईना.

मी ३४ वर्षं संगणक दुरुस्त करतोय. सुरुवातीला एकेक चिप सोल्डर काढून बदलायचो. आता अख्खा मदरबोर्डच बदलतात, त्यामुळे हाताखालच्या पोरांना आत काय चालतं ते माहीत नसलं तरी कुणाचं अडत नाही. मला ते खटकतं, म्हणून उत्तर लांबणार आहे.

विजेचं आधी उरकतो. बॅबेजच्या यंत्राचा विजेशी संबंध नव्हता. दातेरी चाकं, दांडे आणि फिरवायला हँडल, असा तो कारभार. त्याच्याकडे पुढे येऊच. बेरजेसाठी मात्र बॅबेजच्या लंडनला जायची गरज नाही, घरातल्या जिन्यापर्यंत गेलात तरी पुरे.

दुमजली घरात जिन्याच्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. कुठलंही दाबलं तरी दिव्याची स्थिती बदलते. आता असं धरा की बटण वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. वायरमनने तारा एका विशिष्ट पद्धतीने जोडल्या तर दोन्ही बटणं एकसारखी असताना दिवा बंद राहतो आणि वेगवेगळी असताना लागतो. हे झालं पहिलं जोडकाम. दुसरं स्वयंपाकघरात आहे. भिंतीवरचं बटण चालू आणि मिक्सरचंही चालू, तरच मिक्सर फिरतो. एक जरी बंद असलं तरी नाही. तिसरं दारावरच्या घंटेचं : पुढच्या दाराचं बटण दाबा नाहीतर मागच्या, घंटा वाजतेच.

आता दोनच आकड्यांची बेरीज करू. शून्य अधिक शून्य, शून्य. शून्य अधिक एक, एक. एक अधिक शून्य, एक. एक अधिक एक? दोन हा आकडा आपल्याकडे नाही, म्हणून शून्य लिहायचं आणि हातचा एक. नीट बघा : खाली लिहायचा आकडा म्हणजे थेट जिन्यातला दिवा आहे. दोन्ही सारखे असले की शून्य, वेगळे असले की एक. आणि हातचा म्हणजे मिक्सर, दोन्ही एक असतील तेव्हाच येणारा. यंत्राला बेरीज ‘कळत’ नाही. तारा अशा जोडल्यात की दिव्यांचं उत्तर आणि बेरजेचं उत्तर एकच येतं, एवढंच.

पुढच्या घरात आधीचा हातचा येऊन मिळतो, म्हणजे तीन आकडे झाले. तिथे जिना-मिक्सरची जोडी दोनदा वापरायची. दोन्हींपैकी कुठल्याही जोडीतून हातचा आला तर पुढे पाठवायचा, ते घंटेचं काम. सहा म्हणजे ०११० आणि तीन म्हणजे ००११. उजवीकडून सुरू करा : ० आणि १, एक. १ आणि १, शून्य, हातचा एक. १, ० आणि हातचा एक, पुन्हा शून्य, हातचा एक. शेवटी फक्त हातचा, एक. आलं १००१, म्हणजे नऊ. आजच्या प्रोसेसरमध्ये अशी ६४ घरं शेजारी शेजारी असतात. वजाबाकीला वेगळं यंत्र लागत नाही. घड्याळाचा तासकाटा तीन तास मागे नेणं आणि नऊ तास पुढे नेणं, काटा येतो एकाच जागी. ठरावीक घरांच्या यंत्रातही तसंच होतं, वजा करायची संख्या उलटवून (० चा १, १ चा ०) आणि वर एक घालून मिळवली की झालं. गुणाकार म्हणजे एक घर सरकवून पुन्हा पुन्हा बेरीज, शाळेत करतो तसाच.

पण जिन्याचं बटण बोटाने दाबावं लागतं. एका दिव्याने दुसऱ्याचं बटण दाबलं पाहिजे, तरच साखळी जमेल. ते काम रिले करतो : तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की त्याचं लोहचुंबक होतं आणि ते एक पट्टी ओढून दुसरं बटण जोडतं. रिले तारायंत्राच्या काळापासून होते, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारोंनी होते. आणि हो किंवा नाही एवढ्यावर चालणारं बीजगणित इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल याने १८५४ पर्यंत पुरतं मांडून ठेवलं होतं. या दोन गोष्टी एकच आहेत हे दाखवून दिलं क्लॉड शॅनन याने, १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात. वय २१. त्याआधी वायरिंग अंदाजाने आणि अनुभवाने होत असे, त्यानंतर ते कागदावर गणितासारखं सोडवता येऊ लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत कमी कौतुक झालेलं पाऊल हेच. तिकडे बर्लिनमध्ये कोनराड झुझे स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता. पहिलं यंत्र त्याने आईवडिलांच्या घरात उभारलं आणि १९४१ मध्ये रिले वापरून तिसरं, झेड-३, चालवून दाखवलं. हुकूम देण्यासाठी तो भोकं पाडलेली सिनेमाची फिल्म वापरायचा.

त्यानंतर रिलेची जागा व्हॉल्व्हने (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) घेतली, व्हॉल्व्हची ट्रान्झिस्टरने (बेल प्रयोगशाळा, डिसेंबर १९४७), आणि १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी अनेक ट्रान्झिस्टर एकाच तुकड्यावर बसवायची रीत काढली. १९७१ मध्ये इंटेलच्या ४००४ या पहिल्या प्रोसेसर चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते, आज तुमच्या फोनच्या चिपवर अब्जावधी आहेत. पण काम तेच, बोटाशिवाय बटण दाबणं. हा भाग लोक फार रंगवून सांगतात. मला तो सोपा वाटतो.

दोनच आकडे का, हेही मुलीला सांगा. आत ० आणि १ असं काही लिहिलेलं नसतं. असतो तो व्होल्टेज. मी ज्या चिप्सवर शिकलो त्या ५ व्होल्टच्या. त्यांना ०.८ व्होल्टच्या खाली मिळालं की शून्य, २ व्होल्टच्या वर मिळालं की एक, मधलं काही मिळालं तर भरवसा नाही. एवढी मोठी मोकळी जागा मध्ये सोडली म्हणून वीज थोडी वरखाली झाली, उष्णता वाढली, शेजारच्या तारेचा खरखराट आला तरी उत्तर बिघडत नाही. त्याच ५ व्होल्टमध्ये दहा पायऱ्या कोंबल्या असत्या तर पंखा लावला तरी तीनाचा चार झाला असता. सुरुवातीला दहा आकड्यांची यंत्रं होतीच. १९४६ मध्ये जाहीर झालेला अमेरिकेतला मोठा संगणक एनिअ‍ॅक दशमान पद्धतीचा होता, एकेका आकड्यासाठी दहा-दहा व्हॉल्व्ह-जोड्यांचं कडं. दोनाने जे काम चार घरांत होतं त्याला तिथे दहा लागायची. आणि गंमत म्हणजे आजच्या एसएसडीत (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर माहिती ठेवणारं कोठार) जागा वाचवण्यासाठी एकाच पेशीत विद्युतभाराच्या आठ, सोळा पायऱ्या बसवतात. म्हणून तिथे चुका होतातच, आणि त्या पकडून दुरुस्त करणारं वेगळं यंत्र सोबत द्यावं लागतं.

इथपर्यंत जे झालं ते बेरजेचं यंत्र झालं, संगणक नाही. आता तो हातचा आठवा. पाटीवर गणित करताना हातचा आपण कोपऱ्यात लिहितो किंवा बोटावर धरतो. यंत्राने तो ठेवायचा कुठे? मधली उत्तरं कुठे ठेवायची? संगणकाचा खरा इतिहास हिशेबाच्या वेगाचा नाही, ठेवण्याच्या जागेचा आहे, असं मी इतकी वर्षं हे काम करून म्हणतो. शंभर वर्षं लोक त्याच एका जागी अडले होते.

ज्यांची शेती आहे त्यांनी या प्रश्नाचं उत्तर रोज पाहिलंय. विहिरीवरच्या मोटरपंपाचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की खटका आत ओढला जातो, पंप सुरू होतो. बोट काढलं तरी सुरूच राहतो, कारण ओढल्या गेलेल्या खटक्यानेच स्वतःच्या वेटोळ्याला वीज पुरवायला सुरुवात केलेली असते. त्याने स्वतःला धरून ठेवलं. लाल बटण दाबलं की ती साखळी तुटते आणि तो सुटतो. म्हणजे स्टार्टरला आठवतं की शेवटी कुठलं बटण दाबलं होतं. ही झाली एका आकड्याची मेमरी. आणि लाइट गेली की? स्टार्टर सुटतो, लाइट आल्यावर पंप आपोआप सुरू होत नाही, रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतं. रॅममधलं, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीतलं, सगळं वीज गेल्यावर पुसलं का जातं, याचं उत्तर मी वर्गात नेहमी या स्टार्टरवर देतो. शेतकऱ्याच्या मुलांना पुन्हा सांगावं लागत नाही. प्रोसेसरच्या आतली सर्वांत वेगवान मेमरी आजही याच तत्त्वावर आहे, दोन ट्रान्झिस्टर-जोड्या एकमेकींना धरून ठेवतात.

आता बॅबेज. इंग्लंडच्या सरकारने त्याला गणिती कोष्टकं छापणाऱ्या यंत्रासाठी जवळजवळ १७,००० पौंड दिले, कारागिराशी भांडण होऊन १८३३ मध्ये काम थांबलं, १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. दरम्यान १८३४ पासून तो दुसऱ्याच यंत्रामागे लागला होता, अ‍ॅनालिटिकल इंजिन. त्यात त्याने दोन भाग वेगळे केले. संख्या जिथे ठेवायच्या ते कोठार, आणि जिथे त्यांच्यावर काम व्हायचं ती गिरणी. हे शब्द त्याचेच आहेत, कापडाच्या धंद्यातून घेतलेले. हुकूम द्यायचे भोकांच्या पुठ्ठ्यांनी, तेही जॅकार्डच्या नक्षीचं कापड विणणाऱ्या मागावरून उचलले. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने या यंत्रावरच्या एका लेखाचं भाषांतर केलं आणि त्याला लेखाहून मोठ्या टिपा जोडल्या. बर्नूली संख्या (गणितातली एक किचकट मालिका) काढण्यासाठी यंत्राला क्रमाने कोणते हुकूम द्यावे लागतील, हे एका टिपेत आहे. यंत्र मात्र झालंच नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बॅबेजच्या आराखड्यावरून यंत्र बनवलं आणि ते बिनचूक चाललं असं तुम्ही वाचाल. ते खरं आहे, पण ते कोष्टकांचं दुसरं यंत्र, हे गिरणी-कोठाराचं नव्हे. या दोन यंत्रांची गल्लत सर्रास होते.

गिरणी आणि कोठार वेगळं, ही बॅबेजची कल्पना आज तुमच्या टेबलावर प्रोसेसर आणि रॅम म्हणून बसलेली आहे. पण कोठार स्वस्त, वेगवान आणि मोठं कसं बनवायचं, ते कुणाला जमेना. अमेरिकेत आयोवात जॉन अ‍ॅटनासॉफ आणि क्लिफर्ड बेरी यांनी १९३९ ते ४२ या काळात फिरत्या पिंपावर कपॅसिटर बसवले. कपॅसिटर म्हणजे विजेचा छोटा हंडा : भरलेला तर १, रिकामा तर ०. हंडा गळका असतो, म्हणून पिंप फिरता फिरता प्रत्येक हंडा वाचून पुन्हा भरायचा. ही युक्ती लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

एनिअ‍ॅक फिलाडेल्फियात उभा राहिला. जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांचं काम, सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, ३० टन, सेकंदाला ५,००० बेरजा. आणि कोठार? दहा आकडी वीस संख्यांचं. पाच हजार बेरजा करणाऱ्याच्या हाताशी वीस संख्या! हुकूम तर कोठारात नव्हतेच. ते तारांत होते. नवं गणित करायचं म्हणजे केबल उपटून नव्याने जोडायच्या, शेकडो बटणं फिरवायची, यात कित्येक दिवस जात. हे काम सहा बायकांनी केलं : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलस आणि रूथ लिक्टरमन. यंत्राच्या उद्घाटनाच्या वेळी त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. हुकुमांचं काम ते कारकुनी, यंत्राचं काम ते खरं, असा तेव्हाचा समज.

खरी मेख तिथेच होती. हुकूमही संख्याच आहेत, मग तेही त्याच कोठारात का ठेवू नयेत? एनिअ‍ॅकच्या मंडळींत ही चर्चा चालू होती. जून १९४५ मध्ये गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन याने ती लिहून काढली, अहवालावर एकट्याचं नाव आलं, आणि आजही या रचनेला त्याचंच नाव आहे. एकर्ट आणि मॉकली यांना हे आयुष्यभर बोचलं. पुढे १९७३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्यांचं एनिअ‍ॅकचं पेटंटही रद्द केलं आणि मूळ कल्पना अ‍ॅटनासॉफची होती असं म्हटलं. एकूण काय, त्या दोघांच्या वाट्याला कष्ट आले, श्रेय दुसऱ्यांकडे गेलं.

हुकूम कोठारात ठेवायचे तर कोठार हवं. एकर्टने रडारच्या कामातली एक चीज काढली : पाऱ्याने भरलेली नळी. एका टोकाला आवाजाचे ठोके द्यायचे, ते पाऱ्यातून हळूहळू दुसऱ्या टोकाला पोचतात, तिथे ऐकायचे आणि पुन्हा पहिल्या टोकाला द्यायचे. सह्याद्रीत दरीसमोर उभं राहून हाक मारावी, प्रतिध्वनी आला की तीच हाक पुन्हा द्यावी, आणि असं करत राहून निरोप ‘साठवून’ ठेवावा, तसं. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये अशा नळ्यांवर चालू झाला. मँचेस्टरमध्ये फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी त्याआधीच टीव्हीच्या पडद्यासारख्या नळीवर विजेचे ठिपके साठवून दाखवले होते. तेही क्षणात विरायचे, तेही पुन्हा पुन्हा रंगवायचे.

२१ जून १९४८ ला मँचेस्टरच्या त्या छोट्या यंत्राने पहिल्यांदा कोठारातून हुकूम वाचून गणित केलं. त्याचं टोपणनाव ‘बेबी’. कोठार ३२ ओळींचं, प्रत्येक ओळीत ३२ ठिपके. यंत्राला बेरीजही येत नव्हती, फक्त वजाबाकी. सतरा हुकुमांची ती आज्ञावली २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधत होती. ५२ मिनिटांनी उत्तर आलं, १,३१,०७२. चौथीतलं पोर ते तोंडी सांगेल, निम्मंच तर करायचं आहे. पण उत्तर आधीच माहीत असलेलं गणित मुद्दाम निवडलं होतं, यंत्र लाखो पायऱ्या न चुकता चालतं का ते बघायला.

हुकूम कोठारात म्हणजे नेमकं काय, ते सोसायटीच्या जिन्याखाली असलेल्या पत्रपेट्यांवरून सांगतो. पेट्यांना क्रमांक आहेत. पेटी १० मध्ये ०, पेटी ११ मध्ये ७. पेटी १ मध्ये चिठ्ठी : ‘१० मधली संख्या उचल.’ पेटी २ : ‘तीत ११ मधली मिळव.’ पेटी ३ : ‘उत्तर १० मध्ये परत ठेव.’ पेटी ४ : ‘उत्तर ७० पेक्षा कमी असेल तर पुन्हा पेटी १ कडे जा.’ प्रोसेसर पेटी १ उघडतो, करतो, मग २, मग ३. ‘आता कितवी पेटी’ हे लक्षात ठेवायला त्याच्याकडे एक छोटा मोजणीयंत्राचा आकडा असतो. चौथ्या पेटीतला हुकूम तो आकडाच बदलतो. झाला साताचा पाढा. चार चिठ्ठ्यांत दहा ओळींचा पाढा निघतो, आणि ७० च्या जागी ७,००० लिहिलं तरी चिठ्ठ्या चारच राहतात. संगणकाची सगळी ताकद त्या ‘तर पुन्हा’मध्ये आहे.

चिठ्ठ्या मी मराठीत लिहिल्या, प्रत्यक्षात तिथेही संख्याच असतात. उचलण्याला एक क्रमांक, मिळवण्याला दुसरा. त्यामुळे पेटीत २३२५ दिसलं तर ती रक्कम आहे, हुकूम आहे की अक्षर आहे, हे पेटीला माहीत नसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत, २३२५ म्हणजे ‘क’. कुणी कशा नजरेने वाचतं त्यावर ठरतं. हॅकर लोकांची एक जुनी युक्ती नेमकी यावरच चालते. नाव-पत्ता विचारलेल्या जागी ते हुकूम भरतात आणि यंत्राची नजर तिकडे वळवतात.

कोठाराचा प्रश्न पहिल्यांदा नीट सुटला तो १९५३ च्या सुमारास, एमआयटीत जे फॉरेस्टरच्या गटाने फेराइटच्या कड्या वापरल्या तेव्हा. मोहरीएवढ्या चुंबकी कड्या, प्रत्येकीतून तारा ओवलेल्या. चुंबकत्व एका दिशेने फिरलं तर १, उलट फिरलं तर ०. वीज गेली तरी विसरत नाही. ओवायचं काम बायका सुईने करत, भरतकामासारखं. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने जो संगणक बांधला तो याच कड्यांचा. आधी लहान नमुना, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, आणि कोठार २,०४८ संख्यांचं, प्रत्येकी ४० घरं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नामकरण केलं. गुणाकार करून पाहा : ८१,९२० कड्या, म्हणजे आजच्या भाषेत जेमतेम १० केबी. तुम्ही फोनवर काढलेला एक फोटो ठेवायला तशी तीनेकशे कोठारं लागतील. पण अमेरिकेत कड्यांची मेमरी आली त्यानंतर सातच वर्षांत ती मुंबईत, बहुतेक सगळं यंत्र इथल्या लोकांनी बांधून, चालू होती. शाळेच्या पुस्तकात बॅबेजशेजारी तिला एक ओळ मिळायला हरकत नव्हती.

१९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यात एक आकडा ठेवायची कल्पना सुचली. गळका हंडा परत आला! तुमच्या रॅममध्ये आज हेच आहे. अब्जावधी गळके हंडे, आणि साधारण ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक हंडा एकदा वाचून पुन्हा भरला जातो. तुम्ही काही करत नसता तेव्हाही. अ‍ॅटनासॉफचं पिंप गेलं, युक्ती राहिली.

या हंड्यांनी मला एकदा चांगलंच फिरवलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, एक पतसंस्था, नाव सांगत नाही. संध्याकाळी दिवसाची बेरीज छापली की काही दिवशी ती बरोबर, काही दिवशी कमी. हाताने केलेल्या बेरजेशी फरक दर वेळी तोच : ६५५ रुपये ३६ पैसे. संशय कॅशिअरवर गेला. बिचारा रडकुंडीला आला होता. मी सॉफ्टवेअर, प्रिंटर, वायरिंग सगळं तपासलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना लक्षात आलं, की सॉफ्टवेअर हिशेब पैशांत ठेवतं. ६५,५३६ पैसे. हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही ओळखता येतो, दोनाला दोनाने गुणत गेलं की सोळाव्या घातावर तोच येतो. म्हणजे छपाईआधी बेरीज जिथे ठेवली जाई तिथला नेमका एक हंडा फुटलेला, कधीच न भरणारा. ज्या दिवशी त्या घरात ० हवा त्या दिवशी सगळं बरोबर, ज्या दिवशी १ हवा त्या दिवशी ६५५.३६ गायब. आठ चिप्स एकेक करून बदलल्या, पाचवी दोषी निघाली. चांगल्या मशिनमध्ये तेव्हा आठ चिप्सच्या शेजारी नववी असायची, एकांची संख्या सम की विषम एवढंच तपासणारी. तिने पहिल्याच दिवशी आरडाओरडा केला असता. इथे पैसे वाचवायला ती जागा रिकामी सोडली होती. कॅशिअरने मला पेढे दिले, संस्थेने बिलावर घासाघीस केली.

लोक नेहमी विचारतात म्हणून तेही सांगतो : रॅम आणि हार्ड डिस्क, दोन जागा कशाला? कारण वेगवान जागा महाग आणि विसराळू असते, मोठी जागा स्वस्त आणि संथ. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदात ३ अब्ज ठोके देतो, एका ठोक्यात प्रकाशही जेमतेम १० सेंटिमीटर जातो. समजा एक ठोका म्हणजे एक सेकंद. मग प्रोसेसरच्या आतली मेमरी म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा, हात घातला की हळद. रॅममधून काही आणायचं म्हणजे चारपाच मिनिटं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन येण्याएवढी. एसएसडी तीनेक दिवस. आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क? वर्षभर. पुढच्या हंगामाची हळद येईपर्यंत गॅसपाशी उभं राहायचं. म्हणून आजचा प्रोसेसर आपली बरीच हुशारी पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते आधीच डब्यात भरून ठेवण्यात खर्च करतो. संगणक मंद चालतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी बहुतेक वेळा नवा प्रोसेसर सांगत नाही. रॅम वाढवा, जुनी डिस्क काढून एसएसडी टाका, एवढंच सांगतो.

‘जनक कोण’ याचं परीक्षेतलं उत्तर बॅबेज आहे, तेच लिहायला सांगा, मार्क कापून घेऊ नयेत. मला विचाराल तर मी २१ जून १९४८ ही तारीख सांगेन, माणूस नाही.

मुलीला करून बघायचं असेल तर घरच्या वायरिंगला हात लावू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सहा पायांची दोन टॉगल बटणं आणा (दुकानदार त्यांना डीपीडीटी म्हणतात), दोन एलईडी, ४७० ओहमचे दोन रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी. एलईडी उलटा लावला तर लागत नाही, लांब पाय बॅटरीच्या अधिक बाजूकडे. प्रत्येक बटणात तीन-तीन पायांच्या दोन रांगा असतात. एका रांगेचे मधले पाय बॅटरी आणि पहिल्या एलईडीकडे न्या, कडेचे पाय दुसऱ्या बटणाच्या कडेच्या पायांना उलटसुलट जोडा, तो जिना. दुसऱ्या रांगेत पहिल्या बटणाचा मधला पाय बॅटरीला, १ च्या बाजूचा कडेचा पाय दुसऱ्या बटणाच्या मधल्या पायाला, आणि तिथला १ च्या बाजूचा पाय दुसऱ्या एलईडीला, तो मिक्सर. प्रत्येक एलईडीच्या वाटेत एक रेझिस्टर. कडेचा १ चा पाय कुठला हे मल्टिमीटरने बघा, बऱ्याच बटणांत दांडी वर केली की खालचा पाय जोडला जातो. एक बटण वर केलं की पहिला दिवा लागेल. दोन्ही वर केली की पहिला विझून दुसरा लागेल, ते एक अधिक एक. पुढचं घर जोडायला गेलात की हातच्यासाठी बोट पुरणार नाही, तिथे ५ किंवा १२ व्होल्टचे छोटे रिले लागतील. आणि मग बॅटरीही बदलावी लागेल, ९ व्होल्टची चौकोनी रिलेपुढे फार वेळ टिकत नाही.